ज्या पाण्यात डाळ शिजते त्याच पाण्यात दाढी करा: सेफ्टी रेझर, ब्रश आणि साबणाचं सगळं

आमच्याकडे खानदेशात बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही. कुकरच्या आठ शिट्ट्या होऊ द्या, दाणा टणकच, म्हणून वरण-बट्टीचा बेत असला की बायको डाळीसाठी फिल्टरचं पाणी आधीच बाजूला काढून ठेवते. हे रोज डोळ्यासमोर असूनही मी जवळपास दीड वर्ष त्याच बोअरच्या पाण्यात दाढीचा साबण घोटत बसलो होतो, फेस व्हायचा आणि दुसऱ्या गालापर्यंत जाईस्तोवर विरून जायचा, गळ्यावर लाल पुरळ, आणि मी आपला ब्लेड बदलतोय, ब्रश बदलतोय, रेझर बदलतोय. एक दिवस डाळीसाठी काढलेलं पाणी चुकून माझ्या वाटीत आलं आणि जो काही फेस आला ना, मी दोन मिनिटं नुसता वाटीकडेच बघत होतो.

म्हणून पाण्यापासूनच सुरू करतो, रेझर-बिझर नंतर.

पाणी

आपल्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. साबण त्या पाण्यात गेला की आधी या दोघांशी चिकटतो आणि त्याचा पांढरा चिकट साका होतो, तोच जो बादलीच्या कडेला बसतो. साबणाचा बराचसा भाग यातच खर्ची पडतो, उरलेल्याचा फेस होतो, म्हणून तो पातळ आणि लगेच बसणारा. कूलरच्या जाळीवर उन्हाळ्यात पांढरा थर चढतो तो याच क्षारांचा, फेसाचा सत्यानाश करणारा आणि जाळी बुजवणारा गडी एकच.

तुमचं पाणी कसंय बघायचं असेल तर पारदर्शक बाटली अर्धी भरा, आंघोळीच्या साबणाचा नखाएवढा तुकडा टाका आणि जोरात हलवा. वर फेस आणि खाली पाणी स्वच्छ दिसलं तर चांगलंय. फेस नाही आणि पाणी दुधाळ, वर साका तरंगतोय, तर जड पाणी.

उपाय सोपाय, एक तांब्या पुरतो. ब्रश भिजवायला, फेस करायला आणि शेवटी तोंड धुवायला आरओचं (फिल्टरचं) पाणी घ्या, मधे रेझर खळबळायला बोअरचं चालतं. आरओ नसेल तर पाणी उकळून गार करा आणि वरवरचं ओतून घ्या, उकळल्यावर क्षारांचा काही भाग खाली बसतो, सगळा नाही बसत पण फरक पडतो. पावसाळ्यात पत्र्याचं पाणी पहिला पाऊस सोडून धरलं तर त्याच्यासारखं पाणीच नाही. फक्त एक गडबड करू नका, आरओच्या पाइपातून जे वाया जाणारं पाणी आपण बादलीत साठवतो ना, फरशी पुसायला, ते घेऊ नका, त्यात क्षार आणखीनच जास्त असतात. मी हाही पराक्रम केलाय.

आमचे आबा (आजोबा) अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी निंबाला फुटका आरसा अडकवून दाढी करायचे. गावात दोन विहिरी, एक खारी आणि एक गोडी, खारीचं पाणी गुरांना आणि धुण्याला, गोडीचं माणसांना. आबा दाढीला माठातलं गोडं पाणी घेऊन जायचे आणि आजी रोज ओरडायची, "पेवानं पानी दाढीले लई जास!" (प्यायचं पाणी दाढीला घेऊन जातो!) आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याचे लाड आहेत. आता कळतंय.

सामान काय लागतं

रेझर: तीन तुकड्यांचा साधा घ्या, म्हणजे वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडी. दुसरा प्रकार फुलपाखराचा, दांडीखालची चकती फिरवली की वरचे दोन पंख उघडतात, ब्लेड टाकायला सोपा पण आतल्या सांध्यात साका साचतो आणि आपल्या पाण्यात तर लवकरच साचतो. पट्टीला सरळ कडा असलेला घ्या, कंगव्यासारखे दाते असलेला नंतर बघू. स्वस्त रेझर बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूवर क्रोमचा मुलामा दिलेले असतात, छान चालतात, पण फरशीवर पडला तर आटा तुटतो. पितळ किंवा स्टेनलेस स्टीलचा घेतला तर नातू वापरेल. आबांचा पितळी रेझर माझ्याकडे आहे आणि त्याला आजच्या किराणा दुकानातलं ब्लेड बरोब्बर बसतं, कारण किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसानं ही जी रचना काढली ती अजून तशीच चालूये. १९०३ मध्ये त्याचे पहिले फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं विकली गेली होती, पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला.

ब्लेड: टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक, विल्किन्सन, जे जवळ मिळेल ते. फेदर नावाचं जपानी ब्लेड येतं, अतिशय धारदार, नवशिक्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये, दोन महिन्यांनी जा. एक गोष्ट मात्र पाळा, पहिला महिना एकच ब्लेड, एकच साबण. रोज काहीतरी बदलत राहिलात तर पुरळ कशामुळं आलं तेच कळत नाही, माझं दीड वर्ष असंच गेलं.

ब्रश: डुकराच्या केसांचा, बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा किंवा सिंथेटिक. सुरुवातीला सिंथेटिक बेस्ट, भिजवायला लागत नाही, लवकर वाळतो, स्वस्त. डुकराच्या केसांचा ब्रश नवीन असताना टोचतो आणि वासही येतो, दहा-पंधरा दाढ्यांनी टोकं फुटून मऊ होतो, मग मात्र वडीवरचा साबण उचलायला त्याच्यासारखा नाही. शाकाहारी घरात देवघराशेजारी ठेवू नका, एवढंच सांगतो, अनुभव आहे.

साबण की क्रीम? ट्यूबमधलं क्रीम सोपं, डब्यातली वडी जास्त दिवस जाते. आंघोळीचा साबण मात्र नको. तो कॉस्टिक सोड्यावर बनतो, त्याचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा आणि लगेच वाळणारा. दाढीच्या साबणात पोटॅश आणि स्टिअरिक आम्ल जास्त असतं, त्यामुळं फेस दाट होतो, पाणी धरून ठेवतो. शेवटी साबण म्हणजे तेल आणि सोडा-पोटॅश, आणि तेल-साबणाचं आपल्याकडे नवल नाही, विप्रो म्हणजे आजची कॉम्प्युटरवाली कंपनी, ती १९४५ मध्ये आपल्या अमळनेरलाच वनस्पती तेलावर सुरू झाली आणि ७८७ नावाचा कपड्याचा साबणही काढायची.

आणि एक तुरटीचा खडा, किराणा दुकानात मिळतो. फॅन्सी डबीतली घ्यायची गरज नाही.

दाढीच्या आधी

आंघोळ आधी, दाढी नंतर. केस पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की फुगतो आणि बराच मऊ होतो, कोरडा केस कापायला ब्लेडला फार जोर पडतो. आंघोळ नसेल करायची तर ओला टॉवेल तोंडावर धरा. गरमच पाणी पाहिजे असं काही नाही. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढं गेलेला असतो, गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल असं येतं, तेव्हा सकाळी लवकर माठाच्या गार पाण्यानं करा, मस्त होते, उकाड्यानं फेस वाळतही नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला पारा एक आकडी होतो तेव्हा कोमट घ्या, थंडीत अंगावर काटा येतो आणि काटा आलेल्या कातडीवर ब्लेड फिरवणं म्हणजे शेतातल्या ढेकळांवर सायकल चालवणं.

आता केसांची दिशा. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोट फिरवा, मांजराच्या अंगावरून फिरवतो तसं. ज्या बाजूला गुळगुळीत लागतं ती सुलट, जिकडं खरखरतं ती उलट. गालावर बहुतेकांचे केस खाली जातात पण गळ्यावर काय वाटेल ते असतं, माझ्या डाव्या बाजूला कानाकडे वळतात आणि उजव्या बाजूला सरळ वर. कागदावर तोंड काढून बाण काढा, हसू नका, पहिल्या महिन्यात तो कागद आरशाला चिकटवून ठेवा.

फेस

ब्रश चांगल्या पाण्यात बुडवा, डुकराच्या केसांचा असेल तर तीन-चार मिनिटं. मग उचलून दोनदा झटका, ओला पाहिजे पण गळका नको. वडी असेल तर तिच्यावर २५-३० सेकंद गोल गोल फिरवा, ब्रशच्या टोकांवर जाड लगदा चढला पाहिजे, इथं लोक चार सेकंदात आवरतात आणि मग फेस येत नाही म्हणतात. क्रीम असेल तर शेंगदाण्याएवढं, टूथपेस्टसारखी लांब पट्टी नको.

आता स्टीलची वाटी घ्या आणि ब्रश घोटा. पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसेल ते बुडबुड्यांचं, ते खोटं. ब्रशचं टोक बुडवून चार थेंब पाणी टाका आणि घोटा, परत चार थेंब, परत घोटा. थोड्या वेळानं आवाज बदलतो, आधी फसफस असतो तो चपचप होतो, बुडबुडे दिसेनासे होतात, आणि फेसावर चमक येते, घोटलेल्या दह्यावर येते तशी. ब्रश वर उचलला की टोक उभं राहून जरासं वाकतं. तिथं थांबा. निस्तेज आणि कोरडा दिसत असेल तर पाणी कमी पडलंय, वाटीत वाहायला लागला तर जास्त झालंय, मग ब्रश परत वडीवर फिरवून आणा. चिमटीत घेऊन बोटं घासून बघा, बोटं सर्रकन निसटली पाहिजेत. दिसायला डोंगर आणि बोटाला कोरडा असा फेस काही कामाचा नाही, निसटणं महत्त्वाचं.

चेहऱ्यावर गोल गोल फिरवून लावा म्हणजे केस उभे राहतात, शेवटी रंग दिल्यासारखे दोन-चार फटकारे मारून सारखं करा.

ब्लेड बसवणं

ब्लेड ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं, त्याला धार लांब बाजूंना असते आणि आखूड बाजू बोथट, हात फक्त आखूड बाजूला लावायचा. टोपी उलटी करून तळहातावर ठेवा, तिच्या खिळ्यांवर ब्लेड, वर पट्टी, मग दांडी फिरवा. घट्ट करताना ब्लेडची आखूड टोकं दाबून धरा आणि नंतर डोळ्यासमोर धरून बघा, दोन्ही बाजूंनी ब्लेड सारखंच बाहेर आलंय का, एका बाजूला जास्त दिसलं तर परत खोला. पट्टी उलटी बसवली तर ब्लेड लागतच नाही, अशी मी पहिली दाढी केली होती, पाच मिनिटं नुसता फेस काढत होतो आणि वाटत होतं काय भारी, जळजळच नाही!

सलूनमधला भाऊ ब्लेड कागदातल्या कागदात मोडून टिच् करून अर्धं करतो आणि वस्तऱ्यात घालतो, ते बघून घरी सेफ्टी रेझरला अर्धं ब्लेड लावायला जाऊ नका, ते पूर्णच लागतं.

हात

रेझरची टोपी गालाला टेकवा, दांडी गालापासून सरळ बाहेर. आता दांडी हळूहळू खाली आणा, एका जागी ब्लेड केसाला लागतंय असं जाणवेल, साधारण ३० अंशाचा कोन होतो, तोच धरा. कोन बरोबर असला की खर्र खर्र आवाज येतो, भाकरीचा पापुद्रा तुटावा तसा, म्हणून सुरुवातीला मोबाइलवर गाणी लावू नका, कान द्या.

दाब शून्य. कार्ट्रिजवाल्याला (दोन-तीन पात्यांचं तयार डोकं बसवायचा रेझर वापरणाऱ्याला) दाबायची सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो कारण तिथं दाबल्याशिवाय जमत नाही. दांडी शेवटाकडे तीन बोटांनी धरा, मूठ आवळू नका, रेझरचं वजनच पुरे. मी पहिल्यांदा गावी आबांच्या समोर बसून त्यांचा रेझर हातात घेतला तेव्हा ते बघत होते, मी दाबलं की त्यांचा ओठ वाकडा व्हायचा, शेवटी न राहवून म्हणाले, "जोर नको लावू रे भो, पातं करस त्यानं काम." आजपर्यंत याच्यापेक्षा चांगला सल्ला मला कुणी दिला नाही.

एक फटका बोटाच्या एका पेराएवढा, जास्त लांब ओढू नका. दुसऱ्या हातानं कातडी ताणा. गाल आधी, मग गळा, मिशीची जागा आणि हनुवटी सगळ्यात शेवटी, तिथले केस जाड असतात, फेसाखाली जितका वेळ राहतील तितके मऊ. वरच्या ओठाला जीभ आतून टेकवून ओठ दातांवर ताणा. आपल्याकडे मिशी ठेवायची पद्धत असल्यामुळं बऱ्याच जणांचा हा भाग सुटतो, पण मिशीची कड सरळ ठेवायची असेल तर ब्लेडचा नुसता कोपरा वापरा, टोपीमुळं कड दिसत नाही म्हणून आधी कोरड्या बोटानं फेस पुसून रेघ मोकळी करा. गळ्याच्या घाटीवर सरळ फिरवू नका, एक घोट गिळून तसंच धरा किंवा कातडी बाजूला ओढून सपाट जागेवर आणा आणि मग करा.

रेझर आडवा कधीच सरकवायचा नाही, म्हणजे धारेच्या रेषेत. असं सरकलं की सरळ चीर. चुलतभावाच्या हळदीच्या दिवशी सकाळी घाईत माझ्या हनुवटीवर हे झालंय, तुरटी लावून पांढरी टोपी घातलेल्या सगळ्या आप्पा-नानांना कारण सांगत फिरलो.

पहिला हात सुलट. धुवा, परत फेस लावा, दुसरा हात केसांना आडवा, म्हणजे कानाकडून नाकाकडं. फेस न लावता दुसरा हात मारायचा नाही, "इथं थोडं राहिलंय" म्हणून कोरड्यावर फिरवलेला एक फटका दिवसभर आठवण देतो. उलटा हात, म्हणजे केसांच्या विरुद्ध, पहिला महिना अजिबात नको. आणि ज्यांच्या गळ्यावर केस आत वळून पुळ्या येतात त्यांनी गळ्यावर कधीच नको. एकदम गुळगुळीत गाल फोटोत कुणाला दिसत नाही, पुळ्या दिसतात. गालावर पुळ्या पिकलेल्या असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारून मगच या वाटेला या.

नंतर

चांगल्या गार पाण्यानं तोंड धुवा, तुरटी ओली करून सगळीकडं फिरवा, अर्धा मिनिट थांबा आणि धुवून टाका. तुरटी रक्त थांबवते हे सगळ्यांना माहितीये, पण तिचं दुसरं काम जास्त मोलाचं आहे. जिथं चुरचुरलं तिथं तुम्ही जोर लावलाय किंवा कोन चुकलाय. सुरुवातीला माझी अख्खी मान चुरचुरायची, चार आठवड्यांनी फक्त जबड्याच्या कोपऱ्यावर. पुढच्या वेळी तिथं सांभाळून.

मग कोरफडीचा गर किंवा खोबरेल तेलाचे दोन थेंब. स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह मारून तोंड वाकडं करायची हौस असेल तर करा, पण आपल्याकडच्या कोरड्या हवेत कातडी आणखी तडतडते.

रेझर उघडून धुवा, ब्लेडची धार टॉवेलनं पुसू नका, झटकून वाळू द्या. रेझरवर पांढरा थर चढला तर भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश पुरे. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवलात तर जस्तवाल्या रेझरचा मुलामा निघून जाईल. ब्रश धुवून झटका आणि केस खाली करून टांगा, उन्हाळ्यात तासाभरात कोरडा होतो, पावसाळ्यात मात्र मोरीत न ठेवता बाहेर हवेशीर जागी ठेवा नाहीतर मुळाशी कुजतो. कुणाचंही वापरलेलं ब्लेड वापरू नका, भाऊ असला तरी, रक्तातून कावीळ-बी आणि एचआयव्ही पसरू शकतो.

ब्लेड किती दिवस? साधारण चार-पाच दाढ्या. दाढी दाट असेल तर तीन. मोजत बसण्यापेक्षा केस ओढल्यासारखं वाटलं की त्याच दिवशी फेका, दोन-चार रुपयांसाठी गळा खराब करायला काही अर्थ नाही. आणि फेकायचं म्हणजे कचऱ्याच्या पिशवीत नाही, घंटागाडीवरचा माणूस उघड्या हातानं कचरा वेगळा करतो. पत्र्याचा रिकामा डबा घ्या, झाकणाला छिन्नीनं ब्लेड जाईल एवढी फट पाडा, झाकण चिकटपट्टीनं पक्कं करा, वर मार्करनं 'ब्लेड' लिहा आणि आरशाच्या मागे ठेवा. आठवड्याला एक ब्लेड धरलं तरी भरायला कित्येक वर्षं लागतात, भरला की फटीवर पट्टी मारून भंगारवाल्याच्या हातात द्यायचा, आत काय आहे ते तोंडानं सांगून.